डॉकेटबाईंचे चार आकडे

भर बाजारात कोणी कोणाला नावानं हाक मारतं, कोणी आडनावानं, कोणी धंद्यावरून. डॉकेटबाई माणसाला तक्रारीच्या नंबरानं हाक मारायच्या. "ओ अडतीस सत्तावीस! तुमच्या गल्लीतला दिवा लागला का?" कांद्याच्या गाडीजवळ उभा असलेला माणूस दचकून वळायचा आणि बारशाला हेच नाव ठेवलं असावं अशा सहजतेनं "लागला, बाई" म्हणायचा. माझा नंबर एक्केचाळीस शून्य नऊ. तो मला माझ्या आधार कार्डापेक्षा पक्का पाठ आहे. तो आठवला की आजही माझं डोकं तापतं.

आमच्या गावाचं नाव लिहीत नाही. अकोल्याहून अमरावतीला जाताना वाटेत लागतं, एवढं पुरे. नगरपालिका आहे, चौथ्या दिवशी नळ येतो, आणि उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस जगत नाही. या शेवटच्या गोष्टीवर माझं पोट आहे. सायकलला कूलरच्या गवती जाळ्या बांधून दारोदार "जाळी बदला" असं ओरडत मी सुरुवात केली. आज स्वतःचं दुकान आहे, मागे पत्रा वाकवायचं शेड आहे. शाळा नववीपर्यंत. जे मिळवलं ते भाव न सोडून मिळवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते याच गुणापायी झालं, आणि माझा हा गुण बाईंनीच हेरला होता.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्या गल्लीत राहायला आल्या. नवरा आधीच गेलेला, एकुलती मुलगी अमरावतीला दिलेली. नोकरीभर त्या निरनिराळ्या गावी तक्रारीच्या टेबलावर बसल्या होत्या. कोणाचा फोन बंद पडला की तो बाईंना कळवायचा आणि बाई त्याला एक नंबर द्यायच्या. त्या नंबराला त्यांच्या खात्यात डॉकेट म्हणत. माझ्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या त्या कूलरचा पंप घेऊन.

"पाणी ओढत नाही," त्या म्हणाल्या.

"ठेवून जा, बाई. पाहतो."

"नंबर द्या."

"मोबाइलचा? बोर्डावर लिवला आहे ना."

"माझ्या तक्रारीचा नंबर. डॉकेट."

दुकानातली दोन गिऱ्हाईकं हसली. मीही हसून म्हणालो, "घ्या. एक." दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बाई दारात. "डॉकेट एकचं काय झालं?" मी म्हणालो, होऊन जाईल. तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा वाजता तेच. चौथ्या दिवशी मी वैतागून दुसरा पंप काढून दिला. तरी त्या हलेनात. "आता बंद झालं असं लिहा," म्हणाल्या.

"कोठी लिहू? वहीच नाही माह्याजवळ."

"मग वही करा. नंबर नसलेली तक्रार म्हणजे रडगाणं."

शेजारच्या दुकानात मोटारीचं वाइंडिंग करणारे हबीबभाई हे सगळं ऐकत होते. बाई गेल्यावर ते म्हणाले, "भाऊ, ये डॉकेटबाई तुमको सुधार के छोडेगी." तेव्हापासून बाईंचं तेच नाव पडलं. वही मी दुसऱ्या दिवशी आणली. ती अजून चालू आहे.

बाई अंगानं काडी, आवाजानं मात्र भरीव. त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे उजव्या हाताचं पहिलं बोट. समोरचा बोलत सुटला की ते बोट वर जायचं आणि बाई म्हणायच्या, "होल्ड करा." मग कोणीही असो. एकदा नगरसेवक आमच्या गल्लीत उभे राहून त्यांनी काय काय केलं ते सांगत होते. बाईंनी बोट वर केलं, पर्समधून चष्मा काढला, पुसला, घातला आणि मग म्हणाल्या, "हं, आता नंबरवार सांगा." नगरसेवकांना नंबर सांगता आले नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, की माणसाला असं मधेच थांबवता, त्याला अपमान वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "होल्ड म्हणजे नाही म्हटलं असं होत नाही हो. लाइन तोडलेली नसते. जो टिकतो त्याचं बोलणं होतं." मला ते कधी जमलं नाही. मला जे बोलायचं ते त्याच घटकेला बोलून मोकळं व्हायचं असतं.

नगरपालिकेनं तक्रारींचं अ‍ॅप आणलं तेव्हा हार झाले, भाषणं झाली आणि मग महिनाभर ते कोणी उघडलं नाही. उघडलं ते बाईंनी. मोडलेल्या वस्तूचा फोटो काढायचा, फोन आपणहून जागा टिपतो, तक्रारीचा नंबर येतो आणि सोबत चार आकडे येतात. काम झालं की आलेल्या माणसाला ते चार आकडे सांगायचे, त्यानं ते टाकले की तक्रार बंद. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला आपण सांगतो तसंच. बाईंनी दोन दिवसांत सगळं समजून घेतलं आणि गल्लीतल्या बायकांना शिकवायला घेतलं. कुठे, तर माझ्या दुकानात. गिऱ्हाइकाला दाखवायला एक कूलर मी कायम चालू ठेवतो, त्याच्यासमोर बाईंची खुर्ची. मी पुष्कळ कुरकूर केली की गिऱ्हाईक आत शिरायला जागा नाही. बाई म्हणाल्या, "चाळीस बाया रोज तुमच्या कूलरची हवा खातात. उन्हाळ्यात कोणाकडे जातील?" हिशोब बरोबर होता, म्हणून खुर्ची तिथेच राहिली.

पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीनं नालीबरोबर स्वतःचे फोटो काढून पाठवले. पलीकडच्या घरची म्हातारी डोक्यावर पदर घेऊन, हसून, उघड्या नालीशेजारी उभी. बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, तुम्ही नको. नाली पाहिजे."

"मंग त्याइले कसं कळन का कोणाची नाली हाय?" आजीचा सवाल.

मी म्हणायचो, बाई, तुम्हाला येतं तर तुमच्याच फोनवरून सगळ्या तक्रारी टाका ना, इतक्यांना शिकवत काय बसता? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "चाळीस तक्रारी एका माणसानं केल्या तर तो वेडा ठरतो. चाळीस माणसांनी एकेक केली तर गाव ठरतं." मला तेव्हा ते मास्तरकीचं वाटलं होतं.

खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्या वऱ्हाडात दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय जाऊ देत नाहीत, आणि तोंडावर नाही म्हणत नाहीत. नगरपालिकेची कामं घेतलेल्या ठेकेदाराचा माणूस यायचा, ओट्यावर बसायचा, म्हणायचा, "ताई, आकडे सांगून द्या ना. काम उद्या करतो. वरून बोलणी बसून राहिली मले." आणि आमच्या बाया चहाच्या कपाबरोबर आकडे देऊन मोकळ्या व्हायच्या. बिचारा उन्हात आला, त्याला काय नाही म्हणायचं! अर्ध्या तक्रारी अशा चहावर बंद झाल्या. बाईंनी सगळ्यांना माझ्या दुकानापुढे जमवलं. "चहा द्या," त्या म्हणाल्या, "पोहे द्या, लग्नाला बोलवा. आकडे देऊ नका. काम झालं नाही तर आकडे नाहीत. आणि काम झालं तर एक मिनिट उशीर नाही. तोही पोटासाठीच आला आहे."

हबीबभाईंनी विचारलं, "बाई, चार आकडों का इतना क्या?" बाई म्हणाल्या, "मी नोकरीत खूप वेळा खोटं ओके लिहिलंय. संध्याकाळी लाइनमन म्हणायचा, बाई, लिहून टाका, उद्या पाहतो. मी लिहायची. दुसऱ्या दिवशी तोच माणूस शेजाऱ्याच्या फोनवरून मला विचारायचा, बाई, तुम्ही ओके लिहिलं, मग माझा फोन मुका कसा? मला त्यांचे आवाज अजून ओळखू येतील." त्यानंतर आमच्या गल्लीत चहा मिळायचा, आकडे मिळत नव्हते.

अ‍ॅपमध्ये तक्रार बंद झाली की शेवटी एक प्रश्न येतो. आपण समाधानी आहात का? खाली होय आणि नाही. बाई त्यातलं काहीच दाबत नसत. "काम झालं का, ते विचारा," त्या फोनलाच सांगायच्या. "समाधान माझं मी पाहीन."

आता एक्केचाळीस शून्य नऊ.

आमच्या गल्लीत पिण्याच्या पाण्याचा पाइप नालीतूनच गेला होता. माझं दुकान संपतं आणि हबीबभाईंचं दार लागतं, त्याच्या मधे कुठेतरी त्याचा एक जोड गळत होता. बाईंनी आम्हाला समजावलं, की नळ चालू असतो तेव्हा पाणी बाहेर गळतं ते दिसतं, पण नळ बंद झाला की तोच पाइप नालीतलं पाणी आत ओढतो, आणि ते कोणाला दिसत नाही. म्हणजे चौथ्या दिवशी आपण काय भरतो ते समजून घ्या. सगळ्यांचे चेहरे उतरले. ही तक्रार कोणाच्या फोनवर टाकायची? बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "कूलरवाल्यांच्या. ठेकेदार या कामाला सगळ्यात जास्त टाळाटाळ करणार, आणि हे भाव सोडत नाहीत." माझी छाती दोन इंच फुगली, हे मी नाकारत नाही.

ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे महिनाअखेरीला आला. आरशाला हेल्मेट अडकवलेली दुचाकी, घामानं चिकटलेला शर्ट. चहा झाला.

"भाऊ, तुमच्या एका नंबरासाठी माहा सारा बिलाचा कागद अडून राहिला."

"पाइप टाक, नंबर घे."

"पाइप अकोल्याहून यायचा आहे. आठ दिवस. तुमचं दुसरं काई काम असंन तं सांगा, आत्ता करून देतो."

माझ्या दुकानापुढची नाली उघडी होती. गिऱ्हाइकाला उडी मारून आत यावं लागे, एक गरोदर बाई पडता पडता वाचली होती. मी म्हणालो, स्लॅब टाक. तो म्हणाला, आठ फूट टाकून देतो. मी म्हणालो, बारा.

"बारा लय होते, भाऊ."

"मंग निघ."

"बरं, बारा. अन् आठ दिवसांत पाइप. आता तं आकडे द्या?"

"आधी स्लॅब."

त्याच दिवशी माणसं आली, सळया आल्या, दुपारपर्यंत बारा फूट नाली झाकली गेली. काम असं, की मला स्वतःलाही त्यात खोट काढता आली नसती. मी आकडे दिले. एका नंबरात दोन कामं काढली, असं मी त्या संध्याकाळी घरात दोनदा सांगितलं. तो गळका जोड कितव्या फुटाखाली आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. मी फूट मोजत होतो.

बाईंनी दोन दिवसांनी अ‍ॅप उघडलं. मग त्या आल्या आणि स्लॅबपुढे उभ्या राहिल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, हबीबभाईंच्या दाराकडे पाहिलं. मी दुकानातून उतरलो. मला सगळं सांगायचं होतं: गरोदर बाईचं, आठ दिवसांचं, बारा फुटांचं. "बाई, ऐका," एवढंच मी म्हणालो असेन. बोट वर गेलं.

"होल्ड करा."

आणि त्या गेल्या. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा संदेश आला: "४१०९ बंद. आकडे दिले गेले." माझं नाव नाही, दोष नाही, एक शब्द जास्त नाही. नंबर कोणाचा हे चाळीस घरांना माहीत होतं. त्यांनी नाव घेतलं असतं तर मी भांडलो असतो. शिवी दिली असती तर दोन परत दिल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. माझ्यासारख्या माणसाशी भांडायलाच नकार देणं, याहून मोठा अपमान नाही. माझा राग तो आहे. त्यात माझी चूक किती आणि त्यांची किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. ठेकेदाराचा माणूस आधी फोनवर 'साइटवर आहे' म्हणायचा, मग त्याचा फोनच लागेना. मी नवी तक्रार टाकायला गेलो तर अ‍ॅपनं सांगितलं, या ठिकाणची तक्रार निकाली निघाली आहे. खाली पुरावा म्हणून फोटो होता. माझ्या स्लॅबचा.

पावसाळ्यात ती झाकलेली नाली आतून तुंबली. वरून काही दिसत नव्हतं, वर तर गिऱ्हाईक ऐटीत चालत होतं. आधी हबीबभाईंची मुलगी रुखसार आजारी पडली. बीएडच्या परीक्षेला बसायची होती. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, परीक्षा गेली. मग पलीकडची म्हातारी, मग आणखी तीन घरं. सगळीकडे कावीळ. मी हबीबभाईंकडे गेलो. ते मोटारीला तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "भाऊ, तुमने बारा फूट का ढक्कन लिया. मेरी बेटी का साल उसके नीचे गया." वीस वर्षांत माझ्या कूलरची एकही मोटार दुसऱ्याकडे गेली नव्हती. त्या दिवशी त्यांनी माझ्या चार मोटारी तशाच बाहेर आणून ठेवल्या.

आणि मग बाई.

मुलगी अमरावतीहून गाडी घेऊन आली. बाईंना तिनं आणि एका शेजारणीनं धरून बाहेर आणलं, गाडीत बसवलं. मी गाडीजवळ उभा होतो. काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. "बाई," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं त्राण नव्हतं त्यांच्यात. हात काचेपर्यंत आला आणि ते बोट थोडं वर झालं. नखसुद्धा पिवळं होतं. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधला घण काढला आणि स्लॅब फोडायला घेतला. गल्ली बघत होती. मदतीला कोणी आलं नाही, आणि मी बोलावलंही नाही. हबीबभाईंच्या दाराकडून दोन फूट अलीकडे, म्हणजे मी भांडून घेतलेल्या शेवटच्या चार फुटांच्या आत, तो जोड निघाला. वर काळं पाणी हातभर साचलं होतं.

फोटो काढला. पण एका जागेची तक्रार अ‍ॅप पुन्हा घेत नव्हतं. तेव्हा मला बाईंचं मास्तरकीचं वाक्य आठवलं. पूर्वी जाळ्या घेऊन जायचो तसा दारोदार गेलो. प्रत्येक घरानं आपल्या दारापुढे उभं राहून त्याच पाइपाचा फोटो काढायचा, म्हणजे जागा वेगळी, फोन वेगळा, नंबर वेगळा. जे ऐकून घ्यायचं ते ऐकलं. एकानं विचारलं, "काहून भाऊ, आता किती फूट पायजे?" आजी म्हणाली, "फोटोत तू बी उभा राय ना बाबू, त्याइले कळू दे कोणाची नाली हाय." मी उभा राहिलो. आजीच्या फोटोत मी आहे. हबीबभाई सगळ्यांच्या शेवटी आले, फोटो काढला, फोन खिशात घातला. "उनतालीस हो गये," म्हणाले. "चालीसवा तुम डालो." मी तो दुकानाच्या नाही, घराच्या दारातून टाकला.

चाळीस तक्रारी एकदम गेल्यावर ठेकेदाराच्या माणसाचा फोन आपोआप लागायला लागला. तीन आठवड्यांत नवा पाइप आला, आणि तो नालीच्या वरून, भिंतीच्या कडेनं गेला. एकोणचाळीस घरांनी चहाबरोबर आकडे दिले, एक मिनिट उशीर न करता. मी दिले नाहीत.

"भाऊ, काम तं झालं ना? डोळ्यानं पाहून राहिले तुमी."

"थांब."

"कोणासाठी थांबू?"

नव्या पाइपातून पहिल्यांदा नळ आला तेव्हा हबीबभाईंच्या दारातून एक काचेचा पेला भरून घेतला, उन्हात धरला, फोटो काढला आणि बाईंना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. फोन केला, मुलीनं उचलला, म्हणाली आई झोपली आहे. पुन्हा केला, पुन्हा झोपलेल्या. माझं डोकं फिरलं. माणूस स्वतःचा स्लॅब स्वतःच्या हातानं फोडतो, चाळीस दारं फिरतो, आणि या बाईला एक अक्षर लिहिता येत नाही? मी ठरवलं, आता त्या म्हणेपर्यंत आकडे द्यायचेच नाहीत. अडला तर अडू दे कागद. हे बाईंच्याच नियमाच्या विरुद्ध आहे हे मला कळत होतं.

पाच आठवड्यांनी ग्रुपवर बातमी आली. बाई गेल्या.

मी अमरावतीला गेलो. बसमधून उतरून रिक्षा केली, क्लासच्या पोरापोरींच्या गर्दीतून पत्ता शोधला. मुलीनं दार उघडलं. मी नाव सांगितलं, तिला ओळख पटेना. कूलरवाला म्हटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही एक्केचाळीस शून्य नऊ का?"

मी हो म्हणालो.

"आई रोज विचारायची, एक्केचाळीस शून्य नऊचा फोन आला का. मी म्हणायचे, आला होता, तू झोपली होतीस. मग म्हणायची, ठीक आहे, लाइन चालू आहे." तिनं पाणी आणून दिलं. "तुमचा तो पेल्याचा फोटो पाहून हसली होती. म्हणाली, गढूळ पाणी फोटोत दिसतं, वाईट पाणी दिसत नाही. त्यांना सांग, महिनाभर गल्लीत कोणी पिवळं पडलं नाही, तर आकडे देऊन टाका म्हणावं. माझ्याकडून राहूनच गेलं हो. दवाखान्याच्या धावपळीत काही सुचत नव्हतं."

"आणखी काही म्हणाल्या?"

"तुम्हाला? नाही. एवढंच."

बाईंची कावीळ उतरली होती, पण त्यानंतर त्या उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मुलगीही तेच म्हणाली. मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं सांगितलेलं जसंच्या तसं घेतलं, घासाघीस केली नाही. मला एक शब्द हवा होता. चुकलात, म्हणायचं. किंवा मिटलं, म्हणायचं. त्यांनी माझ्याशी शेवटपर्यंत कामाचंच बोलणं केलं. तो राग मी सोबत घेऊन परत आलो आणि तो कमी झालेला नाही.

महिना उलटून गेला होता. गल्लीत कोणी पिवळं पडलं नव्हतं. रुखसारनं पुन्हा फॉर्म भरला होता. मी गल्ली फिरून एकेका घरात विचारलं, डोळे पाहिले, मग ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. तो धावत आला. त्याला बाईंच्या खुर्चीवर नाही, बाजूच्या स्टुलावर बसवलं. चहा सांगितला. हबीबभाईंनी तिकडून पाहिलं आणि तेही येऊन उभे राहिले. मी वाचून एकेक आकडा सांगितला, त्यानं एकेक टाकला. चाळिसावी तक्रार बंद झाली. त्यानं मोठा श्वास सोडला.

माझ्या फोनवर तो प्रश्न आला. आपण समाधानी आहात का?

"होय दाबून द्या ना, भाऊ," तो म्हणाला. "वरच्याइले चांगलं दिसते."

मी बोट वर केलं. तो थांबला. त्यानं चहा संपवला, पेला स्टुलाखाली ठेवला, गाडीला किक मारली आणि गेला. हबीबभाईंनी बाहेर पडलेल्या माझ्या चार मोटारींपैकी एक उचलली आणि आपल्या दुकानात नेली. प्रश्न माझ्या फोनवर अजून तसाच आहे.